भिंतीपलीकडचे सोळा मीटर

सोमवार, २० जानेवारी

आजचा दिवस नकाशांत गेला. जागा इंग्लंडातल्या नॉरफोक काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मध्यभागातल्या एका छोट्या गावातली. अहवाल मंजूर होईपर्यंत गावाचं नाव लिहीत नाही. चर्चच्या आवाराला, म्हणजे गावच्या दफनभूमीला, उत्तरेकडून लागून ०.६ हेक्टर गवताळ रान आहे. मुळात ही पाद्र्याच्या पोटापाण्यासाठी राखलेली जमीन, आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखी. इथे तिला ग्लीब म्हणतात. १९७८ पासून अशा जमिनी बिशपच्या प्रांताच्या वित्त मंडळाकडे गेल्या. आता या रानात नऊ घरं आणि चर्चला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी जागा करायचा आराखडा आहे. त्याआधी जमिनीत जुनं काय आहे, कबरी आहेत का, ते आम्ही पुरातत्त्ववाल्यांनी खोदून बघायचं.

चर्च गोल मनोऱ्याचं. असे मनोरे इंग्लंडात मुख्यतः नॉरफोक आणि सफोकमध्येच दिसतात, एकट्या नॉरफोकात सव्वाशेच्या आसपास. इथे घडवायला चांगला दगड मिळत नाही, नुसती चकमकीची गारगोटी. तिचे कोपरे नीट निघत नाहीत म्हणून मनोरे गोल, असं कारण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. त्याच चकमकीत चौकोनी मनोरेही पुष्कळ उभे आहेत.

१८३६ च्या कायद्यानंतर दशांश करासाठी गावोगावचे नकाशे झाले. या गावच्या नकाशात आवाराची उत्तर भिंत आजच्याच जागी आहे, सरळ रेषेत. १८८० च्या दशकातल्या सर्वेक्षणातही तीच. विमानातून लेसरने मोजलेल्या उंचसखलपणाच्या चित्रात मात्र भिंतीच्या उत्तरेला पंधरा-वीस मीटरवर एक अगदी मऊ, वाकडी सावली दिसते. नांगरटीचा जुना उंचवटाही असेल. चुंबकीय सर्वेक्षण आधीच झालंय, त्यात लोखंडी तारेच्या कुंपणाशिवाय काही नाही. त्यावर भरवसा ठेवायचा नसतो. कबरीत तिथलीच माती परत लोटलेली असते. यंत्राला फरक कळणार कसा?

काउंटीच्या पुरातत्त्व अधिकारी बाईंनी पाच चाचणी चर मागितले आहेत, प्रत्येकी ३० मी. लांब, २ मी. रुंद. एकूण ३०० चौ. मी., म्हणजे जागेचा ५ टक्के. १ आणि २ नंबरचे चर भिंतीपासून निघून उत्तरेला जातात, बाकीचे तीन रानात विखुरलेले. भिंतीपासून ३ मी. सोडायचे, नाहीतर भिंतच चरात यायची.

बिल्डरच्या माणसाने फोनवर विचारलं, "नऊ घरांसाठी एवढं कशाला?" नोव्हेंबर १९९० मध्ये आलेल्या सरकारी मार्गदर्शिकेपासून इथे रीत अशी आहे की बांधायच्या आधी जमिनीत काय आहे ते तपासायचं, आणि खर्च बांधणाऱ्याने करायचा. मार्गदर्शिका नंतर बदलली, रीत टिकली. माझ्यासकट या देशातल्या बहुतेक पुरातत्त्ववाल्यांची चूल त्या रीतीवर पेटते. हे त्याला सांगितलं नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळी सात. गवतावर हिम, खुंट्या आत जाईनात. जीपीएसने चरांचे कोपरे आखले, मग केबल शोधायचं यंत्र दोनदा फिरवलं. काही नाही.

१३ टनी पोकलेन आलं. बकेट बिनदाती, दोन मीटर रुंद. दात असले तर थर ओरबाडले जातात आणि काहीच वाचता येत नाही. पोकलेनवाला या कामात मुरलेला. दहा-दहा सेंटिमीटरचे पापुद्रे काढतो, आणि मी हात वर केला की बकेट जागच्या जागी थांबतं. चांगला पोकलेनवाला म्हणजे अर्धं उत्खनन, हे पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं, कारण तिथे पोकलेनच नव्हतं.

चर ५ आणि ४ झाले. ३५ सेंमी वरची माती, २५ सेंमी तिच्याखालची तांबूस माती, मग खडूचे गोळे असलेली फिकट पिवळी चिकणमाती. हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली, माणसाने न हलवलेली. इथे तिला 'नॅचरल' म्हणतात. आपल्याकडे 'मुरूम लागला' म्हटलं की काम संपलं, तसंच.

दोन्ही चर कोरे. निचऱ्यासाठी घातलेल्या भाजक्या मातीच्या नळ्या, विलायती तंबाखूच्या चिलमीचा एक तुकडा, एवढंच. जोडीदार पोरगा हिरमुसला. त्याचं हे पहिलंच वर्ष. कोऱ्या चराचाही तक्ता पूर्ण भरायचा, फोटो काढायचे, दोन ठिकाणी थर मोजायचे. इथे काही नाही हेही या कामातलं उत्तर आहे, आणि बिल्डर पैसे देतो ते बहुतेक याच उत्तरासाठी.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चर ३ मध्ये एक उथळ चारी, १८ सेंमी खोल, तळाशी गाळ. शेताची जुनी हद्द असावी. खापर एकही नाही.

दुपारी चर २, उत्तर टोकाकडून दक्षिणेला. भिंतीकडे सरकत गेलो तसा १२ मीटरच्या खुणेजवळ चिकणमातीत एक करडा पट्टा आडवा आला. दीड मीटरहून थोडा रुंद, पूर्व-पश्चिम जाणारा, आणि किंचित वळलेला. लेसरच्या चित्रातली सावली आठवली. पोकलेन तिथेच थांबवलं. भिंतीकडचा भाग अधिकारी बाईंशी बोलूनच उघडायचा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पाऊस. चरांत घोटाभर पाणी, पंप लावला. चिकणमाती ओली असताना तिच्यावर चालायचंही नसतं, म्हणून दिवसभर पत्र्याच्या केबिनमध्ये चहा आणि कागद.

जोडीदाराने विचारलं की भारतात चर कसे घेतात. त्याला चौकोन काढून दाखवले: पाच-पाच मीटरचे, मधे न खोदता सोडलेले बांध. बांधाच्या उभ्या भिंतीवर थर वाचायचे. त्याने असं फक्त जुन्या फोटोंत पाहिलं होतं. म्हणाला, "हे तर व्हीलरचं!" व्हीलरचंच, मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाचं. १९३४ ते १९३७ त्यांनी डॉर्सेटमधला मेडन कासल हा किल्ला या चौकोनांनी खोदला. तेव्हा लंडनला शिकणारे हसमुख सांकलिया तिथे हाताखाली होते. पुढे १९३९ मध्ये सांकलिया डेक्कन कॉलेजात आले. १९४४ मध्ये व्हीलरही भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होऊन आले आणि तक्षशिलेला त्यांनी पोरांना कवायतीसारखं खोदायला शिकवलं. इंग्लंडने हे चौकोन नंतर सोडून दिले आणि अख्खी जागा मोकळी उघडायला लागले. मी शिकले ते इंग्लिश तंत्र डॉर्सेटहून पुण्यामार्गे माझ्यापर्यंत आलं, आणि नॉरफोकात आल्यावर ते मलाच विसरावं लागलं. बांध सोडायचा हात अजून शिवशिवतो.

आता इथे प्रत्येक थराला, प्रत्येक खड्ड्याला वेगळा क्रमांक. खड्डा चौकोनी कंसात, त्यातली भरण गोल कंसात. कोण आधी, कोण नंतर याची उतरंड कागदावर मांडायची. ती मांडायची पद्धत एडवर्ड हॅरिसने १९७३ मध्ये विंचेस्टरला काढली. सोपी आहे, आणि निर्दय आहे. एक नातं चुकलं की सगळी उतरंड कोसळते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ऊन. चर १ उघडला.

भिंतीजवळच्या पहिल्या दोन मीटरांत खालच्या मातीतच सुटी हाडं. मांडीच्या हाडाचा तुकडा, दोन मणके, जबड्याचा अर्धा. ही कुठल्यातरी जुन्या कबरीतून नवी खणताना उसकटलेली. पोकलेन थांबवलं, पुढचं फावड्याने आणि थापीने.

साठ सेंटिमीटरवर चिकणमाती घासून स्वच्छ केली आणि उठून उभी राहिले. पिवळ्या जमिनीत खडूच्या ठिपक्यांचे करडे लांबट आकार, एकामागे एक, सगळे पूर्व-पश्चिम. सात. काही एकमेकांवर चढलेले. भिंतीपासून मोजलं तर शेवटचा १४ मीटरवर.

हे आकार कबरीच आहेत याची खात्री करायला एकच उघडायची, तीही डोक्याच्या बाजूने, लागेल तेवढीच. [१०७] निवडली, तिला दुसरी कबर छेदत नाही म्हणून. लाकडी काडी आणि ब्रश. २२ सेंमीवर कवटी लागली. डोकं पश्चिमेला, चेहरा वर. जबड्याखाली मानेचे मणके जागच्या जागी, म्हणजे देह अखंड. पेटीचा खिळा नाही, सोबत वस्तू नाही. ख्रिस्ती रीतीचं साधं दफन: कापडात गुंडाळून, पाय पूर्वेला. हाडांची स्थिती चांगली. खडूच्या चिकणमातीची ही मेहेरबानी. सफोकमध्ये सटन हू इथल्या आम्ल वाळूत देह विरघळून नुसती मातीची सावली उरली होती.

फोटो, मोजमाप, पातळी. चाळीस मिनिटांत सगळं. मग तीच माती चाळून परत घातली. वर जाळीदार कापड, त्यावर पुन्हा माती.

कागदपत्रं आधीच तयार होती. मानवी अवशेष हलवायचे तर १८५७ च्या दफन कायद्याच्या २५व्या कलमाखाली न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. आवाराच्या आतली, पवित्र केलेली जमीन असती तर बिशपच्या न्यायालयाची परवानगी, जिला फॅकल्टी म्हणतात. परवाना हातात असला तरी चाचणी चरात हलवायचं नाही. कबरी आहेत का आणि कुठवर, एवढंच विचारायला आपण आलो आहोत. पोलिसांना आणि संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोरोनरच्या कार्यालयाला कळवलं. रस्त्यावरून दिसू नये म्हणून हिरवं कापड ताणलं, तसं ते कुत्री फिरवणाऱ्यांना जास्तच दिसायला लागलं.

संध्याकाळी चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या, बाई थर्मास घेऊन आल्या. सत्तरीच्या पुढच्या. कापडाच्या आत यायचं का विचारलं आणि नियमाप्रमाणे मी नाही म्हटल्यावर रागावल्या नाहीत. "आमचेच का ते?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, याच गावचे असणार. त्या म्हणाल्या, "उत्तरेला कुणी चांगलं माणूस पुरत नसत, असं माझी आई सांगायची." चर्चची उत्तर बाजू सावलीची, म्हणून परक्यांची, आत्महत्या केलेल्यांची, बाप्तिस्मा न झालेल्यांची, हा समज इथे जुना आहे. १८२३ पर्यंत आत्महत्या केलेल्याला हमरस्त्याच्या चौकात पुरत. त्या साली कायद्याने आवारात जागा दिली, पण रात्री नऊ ते बारा, आणि प्रार्थनेविना. आमच्या सात कबरी मात्र रांगेत, नीट, दिशा धरून आहेत. कुणाला लपूनछपून पुरल्यासारख्या वाटत नाहीत. बाईंना तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण आईवरच त्यांचा विश्वास जास्त असावा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अधिकारी बाई दहाला आल्या. बूट घातले, चरात उतरल्या, अर्धा तास एक शब्द नाही. मग चर २ चा उरलेला भाग उघडायला सांगितलं. त्यात चार कबरी, त्याही करड्या पट्ट्याच्या दक्षिणेलाच.

चर १ मध्ये तो पट्टा १३ मीटरवर आला, भिंतीपासून बरोबर सोळा. एक मीटर रुंद कापून खाली गेलो. खंदक, वरून १.६ मी. रुंद, ७० सेंमी खोल, बाजू तिरप्या, तळ गोलसर. क्रमांक [११७]. तळाच्या भरणीत (११८) चार खापरं, करडी, टणक, वाळूदार, चाकावर घडवलेली. थेटफर्ड धाटणीची, नववं ते अकरावं शतक, फार तर बारावं. वरच्या भरणीत (११९) हिरव्या चकाकीची दोन, किंग्ज लिनजवळच्या ग्रिमस्टनच्या भट्ट्यांतली. तेरावं-चौदावं शतक.

म्हणजे भिंतीच्या आधी आवाराची हद्द हा वळलेला खंदक होता आणि आवार आजच्यापेक्षा सोळा मीटर मोठं होतं. खंदक बुजत गेला, लोक आत सरकले, आणि शेवटी कुणीतरी सरळ भिंत घातली. बाहेर राहिलेल्यांवर गवत आलं. १८४० च्या सुमारास नकाशा काढणाऱ्यालाही त्यांचा पत्ता नव्हता.

बिल्डरचा माणूस कापडाबाहेरून म्हणाला, "प्लेग ना?" प्रत्येक जागेवर कुणीतरी हे म्हणतंच. प्लेगात माणसं घाईने पुरली तर कबरींच्या रांगा अशा निवांत नसतात. १३४८-४९ च्या साथीनंतर माणसं कमी उरली, त्यामुळे आवार आक्रसलं असं म्हणायला एक वेळ जागा आहे. पण दोन हिरव्या खापरांवर मी ते अहवालात लिहिणार नाही. खापर भरणीत आलं म्हणजे भरण त्याच्यानंतरची, एवढंच ते सांगतं. किती नंतरची ते नाही.

दुपारी तीनला, उजेड तिरपा झाल्यावर, खंदकाच्या वरच्या भरणीत आणखी एक आकार उठला. सकाळी कुणालाच दिसला नव्हता. ७० सेंमी लांब, ३२ रुंद, कडा नीट, पूर्व-पश्चिम. खंदक बुजल्यावर त्याच्या पोटात कापलेला. [१२१].

जोडीदार म्हणाला, "बाळ?"

मी त्याला तक्त्यात लिहायला सांगितलं: लहान आयताकृती खड्डा, (११९) ला छेदतो, खोदला नाही. त्याने 'अर्भकाचं दफन असावं' असं पुढे लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. खुंटी पुरलेली असेल, कुत्रं पुरलेलं असेल. दिसलं तेवढंच लिहायचं.

रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी, पण [१२१] डोक्यातून जात नाही. तक्त्यात लिहिलं नाही ते इथे लिहिते.

नॉर्दम्प्टनशरमध्ये राउंड्स इथे दहाव्या-अकराव्या शतकातलं एक चर्च आवारासकट पूर्ण खोदलं गेलं. तिथे तान्ह्या बाळांच्या कबरी चर्चच्या भिंतीला खेटून, पागोळ्यांखाली दाटलेल्या सापडल्या. छपरावरून ओघळणारं पाणी बाळांवर पडत राहावं, म्हणून असं म्हणतात. इथला खड्डा त्याच्या अगदी उलट टोकाला, हद्दीवर, बुजलेल्या खंदकात. बाप्तिस्मा व्हायच्या आत गेलेल्या बाळाला पवित्र जमिनीत पुरायची मध्ययुगात मुभा नव्हती. आत नाही आणि बाहेरही नाही अशी जागा शोधायची तर ती खंदकच.

इनामगावला, घोड नदीच्या काठी, आमच्या सरांनी आम्हाला पहिल्यांदा नेलं तेव्हा सांगितलं होतं की तीन हजार वर्षांपूर्वी तिथे बाळांना घराच्या जमिनीखालीच पुरत, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत बाळ. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. बाळांचे नाहीत, ती चालत कुठे जाणार होती? हा शेवटचा प्रश्न सरांचा नव्हे, माझा. तोही तक्त्यात लिहिता येत नाही.

आणि आपल्याकडे आजही लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. आजीचं पहिलं मूल दौंडकडच्या मळ्यात बांधाला पुरलंय. कुठल्या बांधाला ते तिने कुणालाच सांगितलं नाही. मात्र एक बांध नांगरायला ती शेवटपर्यंत देत नसे.

सोमवार, १० फेब्रुवारी

नकाशे १:२० ला, खंदकाची उभी बाजू १:१० ला. कडक पेन्सिल, प्लास्टिकचा पारदर्शक कागद; पावसातही चालतो. (११८) मधून ४० लिटर माती नमुन्यासाठी पिशव्यांत भरली. पाण्यात घोळवली की जळलेले दाणे, बिया वर तरंगतात.

[१२१] बद्दल अधिकारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उघडून तुमच्या अहवालातलं काय बदलेल?" काहीच नाही. कबरींची हद्द कळलीच आहे. झाकलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चर बुजवले. कबरींवर आधी कापड, मग हाताने चाळलेली माती, मग पोकलेन. पोकलेनवाल्याने त्या दोन चरांवर एरवीसारखं बकेट आपटून माती दाबली नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवार, २० मार्च

मातीचा नमुना घोळवून झाला. जळलेला गहू, बार्ली, वाटाण्याच्या जातीचं काहीतरी, एका ईल माशाचे मणके. खापरांच्या तज्ज्ञ बाईंनी ग्रिमस्टनची दोन्ही पक्की केली. कबरींतली हाडं हलवली नाहीत म्हणून कार्बन तपासणी नाही. जोडीदाराला हे फार लागलंय. त्याने ग्रेट रायबर्गचा लेख छापून टेबलावर ठेवलाय: याच काउंटीत, वेन्सम नदीच्या खोऱ्यात, २०१६ मध्ये पाणथळ जमिनीत ८१ कोरलेल्या ओंडक्यांच्या शवपेट्या निघाल्या. त्याला म्हटलं, तिथे तळं खणायचं होतं, देह हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इथे आहे.

शुक्रवार, ११ एप्रिल

सुटी हाडं, एकूण तेवीस तुकडे, आज पाद्रीबुवांनी आवाराच्या आत पुरले. बुटांच्या खोक्याएवढी पेटी. चर्चवॉर्डन बाई, पाद्रीबुवा आणि मी. खड्डा मीच खणला. कडा इतक्या सरळ आल्या की बाई हसल्या. परत निघताना त्यांनी विचारलं, "त्या बाकीच्यांना तिकडेच ठेवणार ना?" अजून ठरलं नाही, म्हणून सांगितलं.

सोमवार, १९ मे

सुधारित आराखडा आला. नऊची सात घरं. भिंतीपासून वीस मीटर नुसतं गवत, पायाही नाही, गटारही नाही. गाड्यांची जागा पूर्वेच्या कोपऱ्यात, चर ५ होता तिथे. कोरा चर कामाला आला, जोडीदाराला मुद्दाम फोन करून कळवलं. बिल्डरच्या माणसाच्या पत्रात दोन घरांच्या नुकसानीवर तीन परिच्छेद आहेत, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही लिहिले असते.

एक गोष्ट अडली. वास्तुरचनाकाराने उत्साहाने जुन्या खंदकाच्या रेषेवर काटेरी झुडपांचं कुंपण दाखवलंय, 'ऐतिहासिक हद्दीची आठवण' म्हणून. झुडपांची मुळं कबरींत शिरतात, हाडं फोडतात. आणि रेषा नेमकी [१२१] वरून जाते. कुंपण तीन मीटर उत्तरेला सरकवावं असं अधिकारी बाईंना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: तीन नको, पाच.